पिंजाऱ्याची तार

मस्तगडच्या आमच्या गल्लीत थंडीची चाहूल आधी कानांना लागे. पिंजाऱ्याच्या धनुकलीचा एकच घनगंभीर टणत्कार होई आणि त्यामागून सरकीचा तेलकट वास येई. प्रत्येक दारापुढे तो तार एकदाच छेडायचा. मग हवेत तळवा धरून गारवा तपासायचा, कुठे लग्नाचा मांडव घातला आहे का ते पाहायचा. म्हणायचा, "थंडी अन् लगीन, ह्या दोघांवर माझी चूल. पण कापूस महागला की दोन्ही असून उपयोग न्हाई."

त्या वर्षी आमच्याकडे फोमची गादी आली. ओट्यावर उन्हात टाकलेली ती पाहून तो थांबला, पण तार छेडली नाही. तळवा रुतवून, गादी आपोआप वर येताना बघत म्हणाला, "झकास है. पिंजायची कटकटच न्हाई."

त्या कौतुकात खोट नव्हती. दुपार कलली होती आणि एरवी कामावर कापसाने पांढरी होणारी त्याची दाढी अजून स्वच्छ होती. मला ओशाळल्यासारखे झाले. घाईने आतून उशी आणली.

"चाचा, एवढी पिंजून द्या."

त्याने कोपऱ्यातली दुहेरी गाठ चाचपली. ती त्याचीच होती. "गेल्या साली मीच भरल्ती, बाई. अजून दोन हिवाळे हिला काम न्हाई." त्याने उशी हळूच माझ्या हातांत ठेवली. गरज आणि दया यांतला फरक त्याच्या बोटांना कळत होता.

त्याने धनुकली खांद्यावर घेतली.

"मग पुन्हा कधी याल?" मी विचारले.

गादीकडे एकदा पाहून तो म्हणाला, "बोलवा."