मेडिकलवर आलेल्या मावशी

मी नंदुरबारला मेडिकलवर शिकाऊ असताना कोरीट गावच्या एक मावशी नवऱ्यासाठी विसराळूपणाची गोळी न्यायला आल्या. नवरा, म्हणजे ते बाबा, सोबतच बाकावर बसले होते; त्यांचा सदरा मावशींनी मुठीत घट्ट धरला होता.

"हाई गोळी काय करस, भाऊ?"

मी चाचरत सांगितलं, "मेंदूत निरोप नेणारं एक रसायन असतं. ते मोडणाऱ्या एन्झाइमला ही गोळी आवरते. मग ते जरा जास्त टिकतं."

"मंग मले वळखतीन?"

पुस्तकातलं उत्तर मला ठाऊक होतं. "विसरणं कदाचित मंदावेल, मावशी. गेलेलं परत येईलच असं नाही."

तेवढ्यात बाबांनी मावशींना विचारलं, "तू कोन शेस?"

"तुमनी नवी नवरी," पदर सावरत त्या म्हणाल्या.

बाबा लाजले. बाकावर सरकून त्यांनी मावशींना जागा करून दिली.