गादी सोडल्याचा कागद

सरकीचा वास आला की आर्णीतली आमची भागीदारीतली जिनिंग आठवते. कापसाचे भाव पडले तेव्हा भागीदाराचा वाटा मी विकत घेतला. त्याच्या प्रोफेसर जावयाने सासऱ्याच्या वतीने इंग्रजीत कागद लिहिला, ‘ताबा रिलिंक्विश करतो’, म्हणजे सोडतो, आणि वर मलाच शिकवलं, “क्रियापद अगदी करेक्ट बसलं!” कसला दळभद्री विद्वान! सही झाली तरी भागीदार गादीवर लोडाला टेकलेलाच. “भाऊ, लिवून देल्लं न? मंग उठा!” मी ओरडलो. “चहा तं पिऊ दे, काहून तापून राह्यला बे?” तेवढ्यात कापसाची गाडी आली. आमच्याकडे भाव गादीवरच्यालाच विचारतात. गाडीवानाने विचारला, ह्यानेही बेशरमपणे सांगितला. मग भागीदार रोजच चहाला येऊन गादीवर बसू लागला. आज त्या गादीवर जावई बसतो आणि माझ्याकडे त्याचं करेक्ट क्रियापद आहे.