अळूच्या वाफ्यालगतची भिंत

आमच्या घराण्यात कोणी स्वतःचं घर बांधलेलं नव्हतं. आजोबा-पणजोबा संस्थानच्या नोकरीत, तेव्हा राहायला संस्थानची जागा. संस्थान गेलं आणि देवासला टेकरीखाली भाड्याच्या खोल्या आल्या. बाबा शाळेतून निवृत्त झाले आणि त्यांनी शहराबाहेरच्या नव्या कॉलनीत प्लॉट घेतला. तिथे आदल्या वर्षापर्यंत सोयाबीन उभं होतं. "इथून आता कोणी ऊठ म्हणणार नाही," असं ते आल्यागेल्याला सांगायचे. आई तोवर गेली होती. मी लग्न न करता कॉलेजात शिकवत होते, तेव्हा घर आम्हा दोघांचंच.

माळव्याच्या काळ्या मातीचं कौतुक मी लहानपणापासून इतकं ऐकलं आहे की आता कोणी सुरू केलं की माझं डोकं उठतं. जे पेराल ते येतं म्हणे. येतं, पण घर काही पेरायचं नसतं. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते, आणि वर जे काही उभं असेल त्याला आपल्याबरोबर उचलते नि खाली बसवते. पाया खालच्या मुरमापर्यंत न्यायला हवा होता. टेकरीखाली हातभर खणलं की मुरूम लागायचा, त्यामुळे ठेकेदाराने नेहमीइतकं खणून थांबवलं तेव्हा आम्ही काही विचारलंसुद्धा नाही.

त्यात भर पडली आमच्या मराठीपणाची. मराठी माणसाला मोरीचं पाणी वाया गेलेलं बघवत नाही. शेजाऱ्यांनी ते सरळ नालीत सोडलं. बाबांनी न्हाणीघराच्या भिंतीला लागून वाफा केला आणि त्यात अळू लावलं. टेकरीखाली पाणी ओतलं की मुरमात गडप व्हायचं, अळू जेमतेम जगायचं. इथे ते कमरेएवढं झालं. श्रावणात बाबा पानांच्या जुड्या बांधून गावातल्या मराठी घरांतून पोचवायचे आणि कोण काय म्हणालं ते परत येऊन मला सांगायचे. एरवी त्यांना इतकं खूश मी क्वचितच पाहिलं असेल.

घरापुढे मात्र काहीच जगेना. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडत, मनगटापर्यंत हात आत जाई, आणि मोगऱ्याची मुळं त्या भेगांत तुटून लोंबत असायची. म्हणजे घराचा एक कोपरा बारा महिने ओला आणि बाकीचं कोरडं ठणठणीत. न्हाणीघराच्या भिंतीत तिरकी चीर आली. बाबांनी पुट्टी भरली. चीर परत आली, त्यांनी परत पुट्टी भरली.

शेवटी मी एका इंजिनिअरला घेऊन आले. त्याने वाफा बघून कपाळाला हात लावला. "काकाजी, ये क्या कर दिया? दीवार को रोज पानी पिला रहे हो. ये कोना ऊपर उठ रहा है."

"अरे भिया, अरबी के पत्ते हैं, घर में खाने के लिए," बाबा अळूकडे हात करून म्हणाले. जणू खाण्याची वस्तू म्हटल्यावर माती ऐकणार होती.

अळू त्याच आठवड्यात निघालं. बाबांनी स्वतः उपटलं, मला हात लावू दिला नाही. मला वाटलं, सुटलो. कशाचं सुटलो! वाफ्यापलीकडेच सेप्टिक टँकचा शोषखड्डा होता, आणि ही चिकट माती पावसाळ्यात पाणी शोषतच नाही. खड्डा तुडुंब, टँक तुडुंब, आणि न्हाणीघराच्या जाळीतून घाण पाणी उलटं वर. टँकर बोलवून उपसून घ्यायचं, की एका जोराच्या पावसात पुन्हा तेच. इंजिनिअर म्हणाला, खड्डा लांब हलवा. लांब कुठे? आमचा प्लॉट संपतो तिथे शेजाऱ्यांची भिंत सुरू होते, आणि माती त्यांच्याकडेही हीच. मला मातीचा, बाबांचा, सगळ्याचाच संताप यायचा आणि तो काढायचा कोणावर ते कळायचं नाही.

गेल्या श्रावणात बाबा सकाळी आंघोळीला गेले आणि दार उघडेना. कोपरा उचलला जाऊन चौकट तिरकी झाली होती, दार तिच्यात घट्ट रुतलं होतं. मी बाहेरून ढकलत होते, ते आतून ओढत होते. जाळीतून पाणी वर यायला लागलं होतं, त्याचा वास माझ्यापर्यंत येत होता. "तू कॉलेजला जा गं, निघेल ते," असं ते आतून म्हणत राहिले. अखेर शेजारचे गृहस्थ पहार घेऊन आले. "काकाजी, पीछे हट जाओ," असं ओरडून त्यांनी दार फोडलं.

बाबा पंचा गुंडाळून उभे होते, घोट्यापर्यंत त्या पाण्यात. त्यांनी शेजाऱ्यांकडे बघितलं नाही. मी त्यांना अंगणातल्या नळावर नेऊन पाय धुतले, खुर्चीत बसवलं, चहा दिला. मला रडू आवरेना आणि मी आवरलंही नाही. कप खाली ठेवून ते म्हणाले, "भाड्याच्या खोल्या बघ."

"बाबा, आपण नवीन दार बसवून घेऊ."

"नको. खोल्याच बघ. आणि वरच्या मजल्यावरच्या बघ, मला खाली माती नको."