आधीचा घास

माझी नोकरी म्हणजे लोकांच्या मटणात खोट काढायची. अकोल्याच्या एका प्रयोगशाळेत मी सॉसेज, सलामी, गोठवलेले कबाब तपासते. त्यांत अपायकारक जिवाणू आहेत का ते बघते. चकचकीत पाकिटं फोडताना मला कधी कुणाची दया आली नाही. सापडलं की सरळ लिहायचं आणि आपला डबा उघडून जेवायला बसायचं.

त्या वर्षी बाबा आजारी होते. कॅन्सरची औषधं चालू होती आणि जेवणाचं नाव काढलं की ते तोंड फिरवायचे. कच्चं, शिळं काही देऊ नका, साधा जंतूही यांना झेपणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अशात एके दिवशी कामरगावहून आईचा फोन आला. बाबांनी स्वतःहून चान्या मागितल्या होत्या. मटणाच्या लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद लावून दोरीवर वाळवायच्या आणि निखाऱ्यावर भाजून खायच्या, त्या चान्या. बाबांना काहीतरी खावंसं वाटलं, एवढ्यानंच आई हरखून गेली होती.

मी मात्र हटून बसले. तपासल्याशिवाय बाबांच्या ताटात जाणार नाही म्हणजे नाही. आईनं गच्चीवर चान्या वाळवल्या, आणि रविवारी घरी जाऊन मी त्यातल्या थोड्या डब्यात घालून आणल्या.

प्रयोगशाळेत त्या बारीक करून पोषक द्रावात टाकल्या, उबेला ठेवल्या. जंतू मोजके असले तर त्यांना असं खाऊपिऊ घालून वाढवावं लागतं, तेव्हा कुठे ते दिसतात. इतकी वर्षं हे काम केलं, पण ‘नका रे उगवू’ असं मनात पहिल्यांदाच म्हटलं. उगवलेच. काचेच्या बशीत काळे ठिपके उठले. साल्मोनेला, अन्नातून विषबाधा करणारे जंतू. पुढच्या चाचणीनंही तेच सांगितलं.

फोनवर सांगायची हिंमत होईना. ‘घाण’ हा शब्द आमच्या जातीच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलाय, आणि आमची आई तर घासलेलं भांडं पुन्हा घासणारी. मी गावी गेले. तिला स्वयंपाकघरात बसवून समजावलं, की तुझ्या हातांचा दोष नाही. हे बोकडाच्या आतड्यातून येतं, कापताना मटणाला लागतं, वाळवल्यानं मरत नाही, वरवर भाजल्यानंही नाही. भारी भारी पाकिटांतही मला हेच सापडतं.

आईनं मान हलवली. “खोटं हाय,” ती म्हणाली. “म्या रोज खाऊन राह्यली ना त्या चान्या. मले तं काई नाई झालं.”

माझं डोकंच सटकलं. कुणी सांगितलं होतं तुला खायला, म्हणून मी तिच्यावर ओरडले. मग हळूहळू बाहेर आलं. आजार सुरू झाल्यापासून बाबांच्या ताटातलं सगळं, पेज असो की वरण, आधी ती खाऊन बघत होती. आपल्याला काही झालं नाही की मग बाबांपुढे ठेवायचं. मी रागातच बोलून गेले, की तुझं पोट धडधाकट. तुला जे पचतं तेच त्यांच्या जिवावर उठेल. असं खाऊन काही कळत नसतं.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली, “मंग इतके दिस म्या खाऊन पाह्यलं, ते वायाच गेलं काय?”

जीभ हासडून टाकावी असं वाटलं मला. तेवढ्यात दारात बाबा दिसले. भिंतीला धरून उभे होते, सगळं ऐकलेलं.

“वाया कायले जाईन?” ते म्हणाले. “मले तं अन्नच जात नोतं. तू समोर बसून खाये, म्हून माह्या घशाखाली उतरे.”

आईनं पदर तोंडाला लावला. मलाही रडू आवरलं नाही.

उरलेल्या चान्या मी परसात खोल पुरून टाकल्या. बाबा हळहळत बघत होते. मग ताजं मटण आणलं, कुकरमध्ये चांगलं रटरटून शिजवलं. आईनं रस्सा दोन वाट्यांत काढला, एक बाबांपुढे ठेवली आणि सवयीनं आपली वाटी आधी तोंडाला लावायला गेली. माझ्याकडे लक्ष गेलं तशी ती ओशाळली आणि तिनं वाटी खाली ठेवली.

“घे ना,” बाबा म्हणाले. “मी वाट पाहून राह्यलो.”