केशरी जाकीट पुढे गेलं

नवस फेडला की मोडला, हे मला अजून नीट सांगता येत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी गणपतीला बोललो होतो, की पाय धड कर, सायकलवरून पुण्याला शंभर किलोमीटरचा फेरा घालीन आणि त्याच दिवशी बुधवार पेठेत तुझ्या दुपारच्या आरतीला उभा राहीन. पाय बरा झाला. फेरा झाला, आरतीही मिळाली. तरी त्या दिवसाची आठवण निघाली की माझी मान वर होत नाही.

कर्वेनगरमधल्या आमच्या सायकल गटात साठीच्या आसपासची मंडळी जास्त. सगळ्यांत मागे राहणाऱ्याला आम्ही ‘शेपूट’ म्हणतो. तो केशरी जाकीट घालतो, आणि त्याच्या मागे कुणी उरायचं नाही एवढाच नियम. मोठ्या चौकांत आमचा एकेक माणूस उभा असतो आणि केशरी जाकीट जाईपर्यंत जरा थांबा हो, म्हणून गाडीवाल्यांच्या विनवण्या करतो. त्या दिवशी शेपूट मी होतो. कुणी गळ्यात मारलं नव्हतं, मीच हौसेनं मागून घेतलं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस सगळ्यांना सांभाळून आणतो, असं लोकांनी म्हणावं ही हाव, दुसरं काय!

पहाटे निघालो. खराडी, हडपसर करत कात्रजच्या अलीकडे आलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि सगळ्यांत मागे पडला होता शरद. शरद माझा कॉलेजपासूनचा मित्र, माझ्याच आग्रहानं या वयात सायकलवर बसलेला. तो तिसऱ्यांदा थांबला तेव्हा माझं डोकं फिरलं. “सायकल चालवतोयस की फिरायला नेतोयस तिला?” मी म्हणालो. तो हसला. “जरा दम खाऊ दे रे. छातीत जड जड वाटतंय.” “मग पोहे दोनदा घ्यायचे नव्हते,” असं म्हणून मी घड्याळ पाहिलं. आरती चुकणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. “सरळ रस्ता आहे, ये सावकाश. मी होतो पुढे.” तो नुसतं “बरं” म्हणाला. जाकीट अंगात तसंच ठेवून मी निघालो. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

आरती चालू असताना खिशातला फोन तीनदा थरथरला. देवापुढे कसला फोन, म्हणून मी डोळे घट्ट मिटून घेतले. काय भक्ती माझी! बाहेर येऊन पाहिलं तर फोन शरदचा. परत लावला, तर बोलणारा आवाज अनोळखी. “तुमचे दोस्त दवाखान्यात हायेत जी, लवकर या.”

तो भाजीच्या टेम्पोचा ड्रायव्हर होता, यवतमाळकडचा. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यानं मला सगळं सांगितलं. “चौकात तुमच्या माणसानं मले थांबवलं. म्हणे, केसरी जाकीट गेलं की जा. केसरी जाकीट तं गेलं. मी गाडी काढली, तं हे भाऊ मांगं फुटपाथवर सायकल आडवी टाकून बसून होते. म्हटलं, शेवटचा तं गेला, मंग हे काहून मांगं राह्यले? म्हणून उतरलो.” भाजीच्या कॅरेटांत जागा करून त्यानं शरदला आणलं होतं. आणखी अर्धा तास गेला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. देवानं त्या माणसाला नेमकं तिथं का थांबवलं, मला ठाऊक नाही. मी थांबायला हवं होतं, एवढं ठाऊक आहे.

वहिनी, म्हणजे शरदची बायको, धावत आल्या. शरद शुद्धीवर होता. तो त्यांना म्हणाला, “मीच याला म्हटलं, तू हो पुढे.” धडधडीत खोटं! आणि मी गप्प बसलो. पुढे दोन महिने मी त्यांच्या घरी जात राहिलो, वहिनींच्या हातचा चहा पीत राहिलो, आणि प्रत्येक वेळी तोंडाशी आलेलं गिळून परत आलो.

शेवटी एका सकाळी राहवलं नाही. वहिनी मेथी निवडत बसल्या होत्या. मी म्हणालो, “वहिनी, शरद खोटं बोलला. मी त्याला टाकून गेलो होतो.” त्यांचा हात थांबला नाही. “त्या टेम्पोवाल्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं, भावजी.”

“मग तुम्ही काही बोलल्या कशा नाहीत?”

“बोलणार होते. चांगली खरडपट्टी काढणार होते तुमची. पण नळ्या लावलेल्या असताना हे मला विचारत होते, तो जेवला का, त्याचा गुडघा दुखत नाही ना. मग मी काय बोलणार, सांगा.”

मी तिथंच, त्या मेथीच्या ढिगाशेजारी बसून रडलो. साठी उलटलेला माणूस, पण लाज वाटली नाही.

आता मी नवस बोलत नाही. हात जोडतो तेव्हा अट घालत नाही, वेळ ठरवत नाही. तू ज्याच्याबरोबर ठेवशील त्याच्याबरोबर राहीन, एवढंच म्हणतो, आणि शरदला जिवंत ठेवलंस म्हणून पाया पडतो. डॉक्टरांनी त्याची सायकल कायमची बंद केली. ती त्याच्या गॅलरीत उभी असते. तो अजून दर रविवारी तिच्या चाकांत हवा भरतो, आणि पंप धरायला मला बोलावतो.