प्रेमापोटी, विनामोबदला

कचऱ्याच्या दिवशी सकाळी ताई इमारतीखाली उभी असायची. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात कुणाची तरी पिशवी. जाळायला जाणाऱ्या कचऱ्यात कुणी प्लास्टिकची बाटली कोंबलेली दिसली की ती पिशवी उचलून थेट त्या घराच्या दारात नेऊन ठेवायची आणि बेल वाजवून म्हणायची, "ज्याचं त्याला." जपानमधल्या ग्योतोकुतल्या आमच्या इमारतीत मराठी घरं मोजकीच, आणि तिला सगळीच टरकून असत. खालच्या मजल्यावरची मीसुद्धा.

रागीट बायका तुम्हीही पाहिल्या असतील. त्यातल्या बऱ्याच जणी नवऱ्यावरचा राग पोरांवर काढतात. ही मात्र ज्याच्यावर राग असेल त्याच्यावरच काढायची. कावासाकी शहरातल्या तिच्या कंपनीत मॅनेजरने तिचं काम स्वतःचं म्हणून दाखवलं, तेव्हा भर मीटिंगमध्ये ही उठून म्हणाली, "सॉरी, हे मी केलंय." त्या दिवसानंतर तिला जेवायला कुणी बोलावलं नाही. ती एकटीच डबा खायची आणि तिची भूक काही कमी झाली नाही.

मग पुण्यात तिचे वडील गेले. आई आधीच गेली होती. मागे कोथरूडचं दुमजली घर आणि दोन मुलं, दादा आणि ही. मृत्युपत्र नव्हतं. कुणी विषय काढला की वडील म्हणायचे, "मला घालवायची घाई झालीय का तुम्हाला?" तेराव्याची पंगत उठते न उठते तोच दादा म्हणाला, "बहिणी काही घेतात का गं? एक हक्कसोडपत्र करून टाकू. तुला छान पैठणी घेतो."

ती जपानला परत आली. मागोमाग व्हॉट्सॲपवर मसुदा आला. वकिलातीत जाऊन सही करायची आणि पाठवायचं. नवरा म्हणाला, "सोडून दे ना, माहेर टिकेल." शेजारपाजारच्या बायकाही तेच म्हणाल्या. ताई सही करणारही होती. पण इथला कर एकदा विचारून घेऊ, म्हणून ती मला घेऊन करसल्लागाराकडे गेली.

सल्लागार पांढऱ्या केसांचा, हळू बोलणारा जपानी माणूस. त्याने आधी तिचं रेसिडेन्स कार्ड पाहिलं. आपल्यापैकी अनेकांनी घराच्या कर्जासाठी कायम वास्तव्याचा परवाना काढलाय, तसा तिनेही काढला होता. तो म्हणाला, तुमच्या देशात वारसा कर नसेल, पण आता तुम्ही इथल्या. जगात कुठेही वारसा मिळाला तरी कर इथे लागणार, आणि दहा महिन्यांत भरायचा. तुमच्या कायद्याने वडील गेले त्याच दिवशी निम्मं घर तुमचं झालं.

"पण मी ते भावाला देतेय," ताई म्हणाली आणि मसुद्यातली ओळ जपानीत सांगू लागली. 'बंधुप्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने.' प्रेमापोटी या शब्दाशी ती बराच वेळ अडखळली.

"म्हणजे फुकट?" त्याने विचारलं.

"हो. फुकट."

"मग माझ्या मते करखातं याला भेट धरेल. तिच्यावर वेगळा कर. तो खरा भावाने भरायचा. त्याने नाही भरला, तर तुमच्याकडे मागतील."

बाहेर आल्यावर सायकलच्या स्टँडपाशी ती थांबली. "बघ हं. प्रेम करायचं मी, कर भरायचा मी, आणि घर त्याचं!"

तिथूनच तिने फोन लावला. स्पीकर चालू होता, सगळं मला ऐकू येत होतं.

"दादा, ते प्रेमापोटी काढ."

"अगं, तो फॉरमॅट असतो. सगळ्याच बहिणी तसंच लिहितात."

"आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा तीन महिने बिनपगारी रजा टाकून मी आले. तू 'ऑडिट आहे' म्हणून फिरकला नाहीस. ते प्रेमापोटी होतं. हे तू मागितलंस म्हणून आहे. तसं लिही, मी सही करते."

"तुला काय कमी आहे तिकडे? येन कमावतेस!"

"सही नाही करत," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मला आजही त्या माणसाचा संताप येतो. बहिणीच्या हक्काची किंमत एक पैठणी, आणि वर तिनेच स्वखुशीने म्हणायचं! नातेवाइकांनी तर तिने घर फोडलं असं गावभर केलं. तिच्या आईची बेडपॅन उचलायला यातलं कुणी आलं नव्हतं. वडिलांवरही मला राग आहे. ताई एकदाच म्हणाली होती, "बाबांनी सगळं दादाला लिहून दिलं असतं तरी चाललं असतं गं. नाही तर नाही, पण ते बाबांच्या तोंडून कळलं असतं." तेवढं बोलून ती भांडी घासायला लागली, गरजेपेक्षा जोरात.

दादाने बोलणं टाकलं. भाऊबीजेला फोन आला नाही. घर विकून वाटणी करायचा वाद कोर्टात गेला, पण कर थांबणार नव्हता. इथे फ्लॅट घ्यायला नवरा-बायकोने जमवलेले पैसे त्यातच गेले, आणि ती दोघं कावासाकीला, तिच्या ऑफिसजवळच्या लहानशा भाड्याच्या घरात राहायला गेली. आता आमच्या इमारतीतल्या कचऱ्यात कुणीही काहीही टाकतं.

कर भरायला तिच्याबरोबर मीच गेले होते. टॅक्स ऑफिसातल्या तरुण मुलीने कागद चाळले, दोन्ही हात जोडून टेबलावर ठेवले आणि अदबीने विचारलं, "वारस आपणच का?"

ताईचं तोंड रागाने लाल होतं. तिने मान ताठ केली.

"हाय," ती जपानीत 'हो' म्हणाली. मग मुलीने शिक्का मारून कागद परत दिले, आम्ही दाराकडे वळलो, तेव्हा कुणी विचारलं नसताना ती मराठीत पुन्हा म्हणाली, "मीच."