घाट चढून आलेला विजेचा ट्रक

कसारा घाट संपल्यावर एका टपरीवर मी चहा घेत होतो. सिमेंटच्या गोण्यांनी भरलेला एक ट्रक चढण संपवून शेजारी येऊन थांबला, तरी मला चाहूल लागली नाही. तो विजेवर चालणारा होता. एवढं ओझं इतक्या शांतपणे वाहून नेता येतं, याचं मला फार कौतुक वाटलं.

ड्रायव्हरकाका हसतच उतरले. "पहिलीच खेप. बॅटरी मधेच मान टाकेल, अशी धाकधूक होती."

"अजून लांब जायचंय?"

"इंदूरला. वाटेत चार्जिंगला थांबावं लागेल. पण हिनं घाट काढला, आता भरवसा वाटतो."

त्यांनी दरवाजा मायेनं थोपटला. मग दरीकडे बघत हळूच म्हणाले, "उमर गेली या घाटात. इथं इतकी पाखरं बोलतात, हे आज कळलं."